छडीनंतरचा वर्ग : शिस्तीच्या काही वाटा

तपासणीसाठी शाळेत गेलेले विस्तार अधिकारी असोत किंवा काही कामानिमित्त शाळेच्या आवारात आलेले ग्रामपंचायतीचे सदस्य असोत, वर्गाविषयीचे त्यांचे पहिले मत बहुधा कानांनी बनते. व्हरांड्यातून जाताना आवाज ऐकू आला नाही, की गुरुजींचा वर्गावर चांगला वचक आहे असे म्हटले जाते. गलबला ऐकू आला, की गुरुजी कमी पडतात असा निष्कर्ष निघतो. शांत वर्ग म्हणजे चांगला वर्ग, हे समीकरण आपल्याकडे इतके रुळले आहे की ती शांतता कशातून निर्माण झाली आणि त्या शांततेत मुले नेमके काय करीत होती, हे प्रश्न सहसा विचारलेच जात नाहीत. भयाने आलेली शांतता आणि कामात गुंग झाल्याने आलेली शांतता व्हरांड्यातून सारखीच ऐकू येते.

या प्रश्नाला आज विशेष महत्त्व आहे, कारण शिक्षकाच्या हातातील साधने बदलली आहेत. आपल्या अपेक्षा मात्र बदललेल्या नाहीत. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या कलम १७ नुसार कोणत्याही बालकाला शारीरिक शिक्षा करण्यास किंवा त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे आणि या कलमाचा भंग करणारा शिक्षक सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. कलम १६ अन्वये प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत बालकास शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९ मधील दुरुस्तीने पाचवी व आठवीच्या वर्गात अनुत्तीर्ण मुलास त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. परंतु शाळेतून काढण्यावरील बंदी कायम राहिली. म्हणजे मारणे नाही आणि घालवून देणेही नाही. ही दोन्ही जुनी साधने काढून घेणे योग्यच होते, याविषयी प्रस्तुत लेखकाला शंका नाही. पण ती काढून घेताना त्यांच्या जागी काय द्यायचे, याचा विचार परिपत्रकांच्या मानाने फारच थोडा झाला.

शिक्षा म्हणजे केवळ छडी नव्हे

पंतोजींच्या शाळेतील शिक्षांची वर्णने जुन्या आत्मचरित्रांतून पुष्कळ आढळतात. छडी आणि विद्या यांची सांगड घालणारी म्हण तर सर्वांच्या तोंडी आहे. अंगठे धरून उभे करणे, ओणवे करून पाठीवर वजन ठेवणे, दिवसभर बाकावर उभे करणे या गोष्टींत कोणालाच काही गैर वाटत नसे. मुलाला शाळेत घालताना 'डोळे तेवढे ठेवा, बाकी काही करा' असे पालकच गुरुजींना सांगत, अशी आठवण आजही वडीलधारी मंडळी कौतुकाने सांगतात.

राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोग २००७ मध्ये स्थापन झाला. या आयोगाने शाळांतील शिक्षांबाबत जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत मारहाणीबरोबरच मुलाला बाकावर उभे करणे, डोक्यावर दप्तर ठेवून उभे करणे, कोंबडा करणे, गुडघ्यांवर बसविणे, वर्गात वा अन्य बंद जागेत कोंडून ठेवणे या प्रकारांचाही शारीरिक शिक्षेत समावेश केला आहे. टोचून बोलणे, टोपणनावे ठेवणे, मुलाच्या जातीवरून किंवा आईवडिलांच्या व्यवसायावरून त्याला हिणवणे हा मानसिक छळ होय. हे मुद्दाम सांगावयाचे कारण असे की, 'आम्ही मुलांना हातही लावीत नाही' असे अभिमानाने सांगणाऱ्या काही वर्गांत छडीची जागा जिभेने घेतलेली असते. वळ दोन दिवसांत जातो. चारचौघांत बापाच्या धंद्यावरून झालेला उपहास मूल कित्येक वर्षे विसरत नाही, आणि शाळेत येण्याचे टाळू लागते. अशा मुलाच्या नावापुढे हजेरीपटावर सतत गैरहजेरी लागते. तिचे कारण मात्र तेथे लिहिलेले नसते.

बक्षिसाची वाट

शिक्षेऐवजी बक्षीस, ही पहिली सुचणारी वाट. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विचारांतून तिला शास्त्रीय बैठक मिळाली. ज्या वर्तनानंतर सुखद परिणाम घडतो ते वर्तन वाढते आणि ज्याकडे कोणी लक्ष देत नाही ते हळूहळू क्षीण होते, असे या विचारसरणीचे सार सांगता येईल. तिच्यावर आधारलेला एक प्रयोग १९६९ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील कॅन्सास राज्यात चौथीच्या एका वर्गात २४ मुले होती आणि वर्ग अतिशय गोंगाटी म्हणून प्रसिद्ध होता. संशोधकांनी वर्गाचे दोन गट पाडले. परवानगीवाचून जागा सोडली किंवा मध्येच बोलले, की त्या गटापुढे फळ्यावर एक खूण. ज्या गटाच्या खुणा कमी तो गट विजयी. दोन्ही गटांच्या खुणा ठराविक संख्येच्या आत राहिल्या तर दोन्ही गट विजयी. बक्षीस अगदी साधे : जेवणाच्या रांगेत प्रथम उभे राहणे, थोडा मोकळा वेळ मिळणे. खेळ चालू असताना गडबड झपाट्याने कमी झाली, खेळ थांबविताच पुन्हा वाढली, आणि पुन्हा सुरू करताच पुन्हा कमी झाली.

या प्रयोगातील एक गोष्ट शिक्षकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. काही दिवसांनी दोन मुलांनी आपण हा खेळ खेळणार नाही असे जाहीर केले. त्यांच्यामुळे साऱ्या गटाला दंड होऊ लागल्याने त्यांच्या खुणा वेगळ्या मोजाव्या लागल्या. कोणत्याही वर्गात अशी दोन मुले असतातच. आणि खरे म्हणजे शिस्तीचा प्रश्न त्या दोघांपासूनच सुरू होतो. तथापि हा खेळ निरुपयोगी ठरला असे नव्हे. पुढे १९८० नंतरच्या दशकात बाल्टिमोर शहरात पहिलीच्या मुलांवर तो करून पाहण्यात आला आणि त्या मुलांचा तरुणपणापर्यंत मागोवा घेण्यात आला. तेव्हा ज्या मुलग्यांचे वर्तन पहिलीत विशेष आक्रमक होते, त्यांच्यात पुढे व्यसनांचे प्रमाण तुलनेने कमी आढळले.

बक्षिसाची दुसरी बाजूही आहे. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुळातच चित्रे काढण्याची आवड असलेल्या बालवर्गातील मुलांपैकी काहींना 'चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल' असे आधी सांगण्यात आले. काही दिवसांनी मोकळ्या वेळेत या मुलांनी इतरांपेक्षा कमी वेळ चित्रे काढली. जे आवडीने होत होते ते मोबदल्याचे काम बनले. म्हणून चांदणी, शिक्का, चॉकलेट या गोष्टी जेथे मुलाला मुळीच गोडी नाही तेथे आरंभापुरत्या वापराव्यात. जेथे गोडी आहे तेथे त्यांची लुडबुड नको.

१९७६ साली अमेरिकेतच ली कँटर यांनी ठाम शिस्तीची एक पद्धत मांडली. नियम थोडे व स्पष्ट, भंग झाल्यास परिणाम ठरलेला, आणि नियम मोडणाऱ्याचे नाव फळ्यावर. ही पद्धत तेथे खूप गाजली. आपल्या वाचकांना तिचे फारसे नावीन्य वाटणार नाही. गुरुजी कार्यालयात गेले की बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणारा मॉनिटर आपल्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि त्या यादीत मॉनिटरच्या मित्रांची नावे कधी नसतात हेही सर्वांना ठाऊक आहे. नावे फळ्यावर लिहिण्याने मुलांचा पाणउतारा होतो अशी टीका झाल्यावर कँटर यांनीही ती सूचना पुढे बदलली.

खोडीमागील हेतू

रुडॉल्फ ड्रायकर्स हे मूळचे व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ. त्यांनी वेगळाच प्रश्न विचारला : मूल खोडी करते ते कशासाठी? त्यांच्या मते प्रत्येक मुलाला समूहात आपले स्थान हवे असते आणि सरळ मार्गाने ते मिळत नाही असे वाटले की ते आडमार्ग धरते. कोणी लक्ष वेधून घेण्यासाठी, कोणी आपलीच सत्ता चालते हे दाखविण्यासाठी, कोणी सूड घेण्यासाठी गैर वागते. आणि कोणी हरल्याची कबुली देऊन हातपाय गाळून बसते. यांपैकी नेमके काय आहे हे ओळखण्याची त्यांनी सांगितलेली खूण मोठी मार्मिक आहे. शिक्षकाने आपल्याच मनाकडे पाहावे. नुसता वैताग आला असेल तर मुलाला लक्ष हवे आहे. आपल्या अधिकाराला आव्हान मिळाल्यासारखे वाटत असेल तर ती सत्तेची ओढाताण आहे. मन दुखावले असेल तर तो सूड आहे. आणि 'याच्यापुढे आता आपण काय करणार' असे वाटत असेल तर मुलानेच आशा सोडली आहे. या चौथ्या प्रकारचे मूल वर्गात कधीच गडबड करीत नाही. शांततेचा निकष लावणाऱ्या पाहुण्याला ते आदर्श विद्यार्थी वाटण्याचा संभव असतो.

गडबड होण्यापूर्वी

या विषयावरील संशोधनांत प्रत्यक्ष शिक्षकाला सर्वांत उपयोगी पडेल असे काम जेकब कौनिन यांचे आहे, असे आमचे मत आहे. कौनिन हे अमेरिकेत डेट्रॉईट येथील विद्यापीठात मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. एकदा त्यांच्या व्याख्यानाच्या वेळी मागील बाकावरील एक विद्यार्थी वर्तमानपत्र उघडून वाचू लागला. त्यांनी त्याला फटकारले, आणि त्यांच्या लक्षात आले की वर्तमानपत्राशी काही संबंध नसलेले इतर विद्यार्थीही सावरून बसले, कुजबुज थांबली, माना खाली गेल्या. पाण्यात खडा टाकावा आणि तरंग काठापर्यंत जावेत, तसा हा परिणाम होता. मग फटकारण्याची कोणती रीत असे उत्तम तरंग उठविते याचा त्यांनी शोध सुरू केला. अनेक वर्षे चाललेल्या या कामात त्यांनी प्राथमिक वर्गांचे प्रत्यक्ष चित्रीकरण करून ते तपासले.

निष्कर्ष अनपेक्षित निघाला. ज्यांचे वर्ग उत्तम चालतात ते शिक्षक आणि ज्यांचे वर्ग हाताबाहेर जातात ते शिक्षक, यांच्या रागावण्याच्या पद्धतीत सांगण्यासारखा फरक नव्हता. कडक शब्द वा सौम्य शब्द, यावर काही अवलंबून नव्हते. फरक होता तो गडबड होण्यापूर्वी शिक्षक काय करीत होते यात. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात हे सारे मांडले आहे.

पहिला गुण त्यांनी सांगितला त्याला मराठीत वर्गभान म्हणता येईल. फळ्यावर लिहीत असतानाही शिक्षकाला पाठीमागे काय चालले आहे ते कळते, आणि आपल्याला कळते हे मुलांनाही ठाऊक असते. वर्गभान नसलेला शिक्षक दोन चुका करतो. खडू फेकणारा सुटतो आणि हसणारा पकडला जातो, ही एक. किंवा मागे खरी मारामारी जुंपलेली असताना पुढच्या बाकावरील कुजबुजीवर तो घसरतो, ही दुसरी. दोन्ही वेळा मुलांना एकच गोष्ट कळते : गुरुजींना दिसत नाही.

दुसरा गुण एका वेळी दोन ठिकाणी लक्ष ठेवण्याचा. एका गटाचे वाचन घेत असताना दुसऱ्या गटातील मुलगी वही घेऊन आली, तर वाचन न थांबविता, नुसत्या नजरेने वा एका शब्दाने तिला मार्गी लावता आले पाहिजे. शहरातील एका वर्गाला एक शिक्षक असलेल्या शाळेत हा गुण सोयीचा ठरतो. आपल्या द्विशिक्षकी शाळेत त्यावाचून चालतच नाही. पटसंख्या साठपर्यंत असल्यास दोन शिक्षक, असे प्राथमिक शाळेचे प्रमाण २००९ च्या अधिनियमाच्या अनुसूचीत आहे. म्हणजे पहिली ते चौथीचे चार वर्ग दोघांनी सांभाळावयाचे. एका वर्गाला गणित समजावून देताना दुसऱ्या वर्गापुढे काही काम नसेल, तर तेथे गडबड होणार हे ठरलेलेच. ती मुलांची खोडी नव्हे, कामाची उणीव होय.

तिसरी गोष्ट गतीची. एका मुलाने गृहपाठ केला नाही म्हणून सर्व वर्गाला दहा मिनिटे उपदेश ऐकविणे, चाळीस वह्या एकेकाला नाव घेऊन बोलावून वाटणे, पाठ रंगात आला असताना 'काल सहलीचे पैसे कोणी दिले नाहीत?' असे मध्येच विचारणे, या प्रत्येक ठिकाणी वर्गाची गती तुटते. मोकळ्या राहिलेल्या तीस-चाळीस मुलांनी त्या वेळात काय करावे, अशी आपली अपेक्षा असते? वह्या रांगेतून मागे पाठविल्या तर एका मिनिटात वाटून होतात. या गोष्टी क्षुल्लक वाटतात खऱ्या. पण वर्ग बिघडतो तो याच सांध्यांमध्ये, मधल्या सुट्टीनंतरच्या पाच मिनिटांत, एक विषय संपून दुसरा सुरू होताना. परिपाठानंतर मुले वर्गात येऊन बसतात तेव्हा फळ्यावर एखादे उदाहरण आधीच लिहिलेले असले, तर दिवसाचा आरंभ ओरडण्याने करावा लागत नाही.

भावनगर आणि कोसबाड

शांतता आज्ञेने मिळत नाही, हे आपल्याकडे फार पूर्वी एका शिक्षकाने सांगून ठेवले आहे. गिजुभाई बधेका वकिली सोडून शिक्षणक्षेत्रात आले आणि १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू झाले. 'दिवास्वप्न' या त्यांच्या गुजराती पुस्तकाचा कथानायक शिक्षणाधिकाऱ्याकडून चौथीचा एक वर्ग वर्षभर प्रयोगासाठी मागून घेतो. माँटेसरी पद्धतीतील शांततेचा खेळ वाचून तो पहिल्याच दिवशी वर्गात तो खेळ घेऊ पाहतो आणि सपशेल फसतो. शांत बसा म्हटल्यावर मुलांना नाना आवाज सुचतात. तेव्हा तो उपदेश करीत नाही. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो, आणि वर्ग आपोआप कान देतो. पुस्तकातील अधिकाऱ्याचे पात्रही आमच्या वाचकवर्गाने अवश्य पाहावे. त्याला शंका येतात, तो परीक्षेची आठवण करून देतो. तरीही वर्षभराची मुदत तो मोडत नाही. शिक्षकाच्या धडपडीत वरिष्ठाचा एवढा वाटा पुष्कळ असतो.

गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. १९५७ मध्ये हे काम तेव्हाच्या ठाणे आणि आजच्या पालघर जिल्ह्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले शाळेत येत नसत, आली तर टिकत नसत. नेहमीच्या भाषेत याला बेशिस्त म्हटले गेले असते. ताराबाई व अनुताई यांनी पाहिले की मुले गुरे राखावयास जातात. तेव्हा शाळाच गुरांमागे कुरणात नेली. कुरणशाळा ती हीच. अंगणात भरणारी अंगणवाडीही याच विचारातून आली. वेळ मुलांच्या कामाप्रमाणे, साधने परिसरातील पानाफुलांची, दगडगोट्यांची. मुलाचे वर्तन बदलण्याआधी शाळेचे वर्तन बदलता येते का, हे येथे पाहिले गेले.

गावाने आणि कचेरीने काय पाहावे

आजही अशी पुष्कळ कारणे वर्गाबाहेर सापडतात. पत्र्याच्या छपराखाली श्रावणातल्या सरी सुरू झाल्या की शिक्षकाचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत पोहोचत नाही. मागची मुले आपापसांत बोलू लागतात. उन्हाळ्यात त्याच पत्र्याखाली दुपारी दोननंतर कोणते मूल स्थिर बसेल? फळ्यावरचे दिसत नाही म्हणून शेजाऱ्याच्या वहीत डोकावणारा मुलगा खोडकर ठरतो. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शाळांत मुलांची तपासणी केली जाते. तीत नजरेचा वा कानांचा दोष आढळलेल्या मुलाला चष्मा वा उपचार मिळाले का, आणि बसण्याची जागा बदलली का, हे विचारण्याचे काम शाळा व्यवस्थापन समितीचे. या समितीत अधिनियमाप्रमाणे तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात. 'गुरुजी, मुलांना धाकात ठेवा' एवढेच सांगण्यासाठी ही समिती नाही.

ऊसतोड कामगारांच्या मुलांचा उल्लेख वेगळा करावयास हवा. मराठवाड्यातील, विशेषतः बीड जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे जातात आणि गळीत हंगाम संपल्यावर परततात. हंगामी वसतिगृहामुळे काही मुले गावी राहतात. बाकीची मध्येच जातात आणि वर्ष संपता संपता परत येतात. तोवर वर्ग भागाकारापर्यंत गेलेला असतो. अशा मुलाने वर्गात चुळबूळ केली तर ड्रायकर्सचा चौथा प्रकार आठवावा. त्याला शिस्तीची नव्हे, बेरजेची गरज आहे, आणि शेजारी बसून ती शिकविणाऱ्या एका मित्राची.

केंद्रप्रमुख व विस्तार अधिकाऱ्यांना एक साधी रीत सुचवावीशी वाटते. वर्गाच्या मागे जाऊन दहा मिनिटे बसावे आणि आवाज न मोजता मुले मोजावीत : किती मुलांच्या हातात काम आहे, किती नुसती बसून आहेत. एक विषय संपून दुसरा सुरू होताना किती वेळ गेला ते घड्याळात पाहावे. मागील बाकावरील एखाद्या गप्प मुलीजवळ जाऊन, ती काय लिहीत आहे हे तिलाच विचारावे. शेरेबुकात 'वर्गात शांतता होती' असे लिहिण्याऐवजी हे आकडे लिहिले, तर पुढल्या भेटीच्या वेळी शिक्षकाशी बोलण्यास काहीतरी निश्चित हाती असेल. आणि शांततेसाठी मुलांना दरडावण्याची निकड शिक्षकालाही उरणार नाही.